पंचावन्नचा वेग

माझ्या टायरबद्दल मामाने लिहिलेला पहिला चांगला शब्द होता 'आरामदायक'. तो वाचला त्या दिवशी माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण मामा सहजासहजी चांगलं म्हणणाऱ्यातला नाही. माझ्या पहिल्या टायरबद्दल त्याने चाचणीच्या फॉर्मवर 'दात हलतात' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याबद्दल 'बरा', आणि त्यापुढचा पूर्णविराम इतका दाबून दिला होता की कागदाला भोक पडलं. त्यामुळे तिसऱ्या टायरला 'आरामदायक' मिळालं तेव्हा मी तो कागद दोनदा उलटून पाहिला.

हे टायर बिनहवेचे. आमच्या कारखान्यात त्यांची रचना करणं हे माझं काम. बाहेर रबराचं कडं, मध्ये चाकाचा गाभा, आणि या दोघांच्या मधल्या जागेत ट्यूब नाही, हवा नाही, तर लवचीक प्लास्टिकच्या बहात्तर पातळ पट्ट्या. गाडीचं वजन त्या पट्ट्या झेलतात. जमिनीकडे आलेली पट्टी दबते, वर गेली की सरळ होते, पुन्हा खाली येऊन दबते. खिळा घुसला तरी फुसकन निघून जायला आत काही नसतंच. सांगायला हे सोपं आहे. करायला घेतलं की नाकी नऊ येतात, कारण हवा सगळीकडून एकसारखी दाबते आणि पट्ट्या मात्र एकामागून एक.

म्हणून मी एकसारखेपणाच्या मागे लागले. तसा तो माझा जुनाच रोग. ताटाशेजारचा चमचा तिरका दिसला की मला घास जात नाही. मामा मला लहानपणापासून 'मोजपट्टी' म्हणतो. मी खोलीत शिरले की म्हणणार, "मोजपट्टी आली, सरळ बसा सगळे."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतो. तीस वर्षं त्याने सामानाची व्हॅन चालवली, लांब लांब पल्ल्याची, आणि त्यातली बहुतेक वर्षं मामी शेजारच्या सीटवर असायची. मूलबाळ नव्हतं. घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी निघायचं, असा संसार. शाळेला सुट्टी लागली की मला मागच्या सीटवर टाकायचे. मामी संत्री सोलायची. एक फोड स्वतःला, एक मामाला, आणि मान न वळवता हात मागे करून एक मला. वळण आलं की "अहो, गिअर" एवढंच म्हणायची. मामा म्हणायचा, "चालवतंय कोण?" आणि गिअर बदलायचा.

चार वर्षांपूर्वी मामी गेली. मामा आमच्याकडे राहायला आला, पण खोलीबाहेर पडेना, दाढी करेना, जेवला का विचारलं तर आठवून सांगायचा. शेवटी मी आमच्या विभागाच्या सरांच्या मागे लागून त्याला चाचणीच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लावलं. गाडीची किल्ली हातात पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दाढी केली. आई जिन्याच्या पायरीवर बसून रडली आणि मला म्हणाली, "त्या किल्लीने माझा भाऊ परत आणलास." ती किल्ली मामासाठी काय होती हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून पुढे जे झालं त्याची मला आजही लाज वाटते.

कारखान्याच्या मागे आमचा चाचणीचा रस्ता आहे, अंड्याच्या आकाराचा, चार किलोमीटर लांब. मधल्या मोकळ्या जागेत गुडघाभर गवत. जेवणानंतर मामा गाडी काढायचा आणि ठरलेल्या वेगांनी फेऱ्या मारायचा, नियमाप्रमाणे एकटा. फेऱ्या संपल्या की फॉर्म भरायचा: पकड, ब्रेक, आवाज, हादरे, आणि शेवटी 'इतर शेरा'.

'आरामदायक' मिळाल्यावर मी ठरवलं, चांगलं आहे ते आणखी चांगलं करायचं. साचा पुन्हा घासून घेतला. बहात्तर पट्ट्यांमधल्या बहात्तर फटी केसाइतक्याही कमीजास्त राहू दिल्या नाहीत. चार चाकं अशी जुळवली की कुठलं कुठे लावायचं ते खडूने लिहून ठेवावं लागलं. चाचणीच्या खोलीत आमचं यंत्र आहे, त्यावर एकेक चाक चढवून फिरवतात आणि आवाज, हादरे मोजतात. चारही चाकांचे आकडे उत्तम आले. मामाने या वेळी लिहिलं, 'खूप आरामदायक'. तो फॉर्म मी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला.

त्याच दिवसांत मामा इस्त्रीचे शर्ट घालायला लागला. डबा खाऊन झाला की हातपाय धुवायचा, खिशातला कंगवा काढून गाडीच्या आरशात केस विंचरायचा आणि मग निघायचा. आई म्हणाली, "हा कामावर जातोय की लग्नाला?" मामा नुसता हसला. माणूस सुधारतोय, एवढंच आम्हाला वाटलं.

मग एके दिवशी रस्त्याचा राखणदार सायकल ढकलत माझ्याकडे आला. दुसऱ्या वळणावर गवतात चाकांचे माग होते. गाडी रस्ता सोडून आत गेली होती आणि परत वर आली होती. पहिल्या दिवशी हातभर, मग चार पावलं. त्या बुधवारी दहा. तो माझ्याकडे येऊन गेला तसा सरांकडेही गेला.

सरांनी मला बोलावलं. "मॅडम, तुमचा टायर उत्तम आहे. शुक्रवारी समिती बसतेय, मंजुरी नक्की समजा. पण ड्रायव्हर थकलेत. एकोणसाठ वय म्हणजे काही कमी नाही. उद्याची त्यांची शेवटची पाळी, मग किल्ली जमा करायला सांगा." थोडं थांबून म्हणाले, "तुम्हीच सांगा. तुमचे मामा आहेत."

मी भांडायला हवं होतं. पण माझ्या हातात यंत्राचे कागद होते आणि त्यावर टायरची एकही चूक नव्हती. चूक राहायला जागा उरली होती ती मामातच. मला वाईट वाटलं, आणि मनातल्या मनात मी त्यालाच दोष दिला.

संध्याकाळी घरी सांगितलं. आई पोळ्या लाटायची थांबली. "तीस वर्षांत त्याच्या गाडीखाली साधं मांजर आलं नाही. आणि तुझ्या त्या प्लास्टिकच्या चाकांवर याचा तोल जातो? चाकं बघ आधी."

"आई, तुला यातलं कळत नाही," मी म्हटलं.

मामा किल्ली बोटात फिरवत बसला होता. "ताई, राहू दे," तो म्हणाला. "वय झालं माझं."

जो माणूस पन्नाशीनंतर वाढदिवसच सांगत नाही, त्याने हे आपण होऊन कबूल केलं, तिथेच मला शंका यायला हवी होती. मी म्हटलं, उद्या शेवटच्या पाळीला मी बरोबर येते. मामाचा चेहरा उतरला.

"नियम आहे ना? एकट्यानेच जायचं असतं."

"नियम मी बघते."

दुसऱ्या दिवशी मी गाडीचं पुढचं दार उघडलं तर शेजारच्या सीटवर एक हिरवी उशी होती. व्हॅनमधली, मामीची. मामा घाईने म्हणाला, "तू मागे बस. लहानपणी बसायचीस तशी." मी कुरकुरले, की मागून मला रस्ता काय दिसणार. पण तो उशीवर हात ठेवून तसाच बसून राहिला, तेव्हा मुकाट्याने मागे बसले.

दुपार स्वच्छ होती. गवताला तुरे आले होते आणि वारा त्यातून सावकाश फिरत होता. तिसाच्या वेगाला रस्त्यावरची खडी ऐकू येत होती. चाळीसला ती बंद झाली. पन्नासला खालून एक बारीक गुणगुण सुरू झाली, शेजारच्या घरात कुणी काम करता करता गुणगुणावं तशी. मग काटा पंचावन्नवर आला आणि त्या गुणगुणीला झोका मिळाला. चार चाकांचे चार सूर जवळजवळ एक, पण अगदी एक नव्हेत. ते हळूच एकमेकांत मिसळायचे, भरून यायचे, पुन्हा हळूच सुटे व्हायचे. भरायचे, सुटे व्हायचे. मी मनात म्हटलं, काय सुंदर चाललंय, कुठे सांधा म्हणून दिसत नाही.

मामाचे खांदे सैल झाले. काचेवर ऊन पसरलं होतं आणि कारखान्याची धुराडी जागेवरून सुटून गवतावरून संथपणे जात होती. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझे पाय खाली टेकत नव्हते, त्याचंही नाही. पुढच्या सीटवर अंबाडा होता, त्यात निळा चाप. गाडीभर संत्र्याच्या सालीचा वास. कुणाला कुठे पोचायची घाई नव्हती. "अहो, गिअर," ती म्हणाली, आणि मामा हसला. मग मान न वळवता तिचा हात मागे आला, आणि मी माझा तळवा पुढे केला.

गाडीच्या पोटाखाली गवत सळसळलं. सळसळ वाढत गेली आणि गाडी आपली आपणच थांबली.

मी डोळे उघडले. आम्ही गवतात होतो, रस्त्यापासून वीसेक पावलं आत. माझा हात पुढच्या सीटवरून लांब केलेला होता, तळवा वर. तळव्यात काही नव्हतं. मामा खिडकीला डोकं टेकून झोपला होता आणि झोपेत हसत होता.

मी त्याला हलवलं. तो जागा झाला, आधी शेजारी पाहिलं, मग मागे माझ्याकडे.

"मामा, मीही झोपले होते."

त्याने शेजारची उशी सरळ केली.

"तुझं वय नाही हे. माझी चाकं आहेत. किती दिवस चाललंय?"

"आरामदायक लिहिलं तेव्हापासून," तो म्हणाला. मग स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत, जणू एखाद्या गाडीचा दोष समजावून सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "पन्नासला नुसता वास येतो. साठला जाते निघून. पंचावन्नला बसते. बोलते थोडं. आता ही चाकं घातल्यापासून जास्त वेळ थांबते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मेला असतास इथे. कुणाला कळलं पण नसतं."

"गवत आहे इथे," मामा म्हणाला.

मला रागही आला आणि रडूही आलं. जे होतं तेच बोलले. "मलापण दिसली."

मामा वळला. "चाप कुठला होता?"

"निळा."

"हां," तो म्हणाला. "निळाच असतो."

मग त्याने किल्ली काढली आणि माझ्या रिकाम्या तळव्यावर ठेवली. "तू काही बोलू नकोस. तीन वर्षं घासलीस या टायरपायी, उद्या पास होऊ दे. मी थकलोय असंच सगळ्यांना वाटतंय ना, वाटू दे. मी बसतो घरी."

तो घरी बसला म्हणजे काय होतं ते मी पाहिलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर एक क्षणभर मला शुक्रवारची मंजुरीही दिसली. मग मी म्हटलं, "मामा, हा टायर उद्या रस्त्यांवर जाणार. तिथे कडेला गवत नसतं."

त्याने बाहेर पाहिलं. तुरे काचेला टेकले होते.

"म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी कोणी ना कोणी येऊन बसेल," तो हळू म्हणाला.

"हो."

"मग सांग." थोड्या वेळाने म्हणाला, "माझं नाव घालून सांग. ड्रायव्हर झोपला म्हणून."

"ड्रायव्हर झोपला नाही. टायरने झोपवलं," मी म्हटलं आणि किल्ली परत त्याच्या हातात दिली.

शुक्रवारी मी समितीपुढे उभी राहिले आणि माझाच टायर नापास करा म्हणाले. आमचं यंत्र एका वेळी एकच चाक फिरवतं, म्हणून त्याला हे कधी ऐकू येणार नाही. चारही चाकं एकत्र धावली तरच तो झोका तयार होतो, आणि चाकं जितकी हुबेहूब सारखी, तितका तो संथ. मी टायर सुधारत गेले आणि झोप गाढ करत गेले. कुणीतरी हसून म्हणालं, "म्हणजे मॅडम, तुमचा टायर अंगाई म्हणतो?"

"बसून बघा," मी म्हटलं.

सरांना आणि समितीतल्या आणखी एकाला मागे बसवलं. त्यांच्या कडेला मी, स्वतःला चिमटे घेत. मामा खिडकी उघडी टाकून, ओठातल्या ओठात सतराचा पाढा म्हणत गाडी चालवत होता. काटा पंचावन्नवर आला. दुसऱ्या फेरीला सरांच्या हातातलं पेन खाली पडलं. तिसऱ्या फेरीला सरांचं डोकं शेजारच्याच्या खांद्यावर होतं आणि शेजारच्याची काहीच तक्रार नव्हती. मामाने गाडी थांबवली तेव्हा सर दचकून जागे झाले, चष्मा सारखा केला आणि इकडेतिकडे पाहत राहिले. त्यांना कोण दिसलं ते आम्ही विचारलं नाही. उतरताना त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि किल्लीचं नावही काढलं नाही.

टायर परत माझ्या टेबलावर आला.

काय करायचं ते मला कळत होतं. एकसारखेपणा मोडायचा. पण फटी आळीपाळीने लहानमोठ्या केल्या तरी दर चार-सहा पट्ट्यांनी तीच चाल परत यायची, आणि माझा हात वाकडं काढायलाही सरळच जायचा. असे पंधरा दिवस गेले.

मग एका सकाळी मी अंथरुणात होते आणि आई मामाचा चहा घेऊन जिना चढत होती. तिचा गुडघा दुखरा आहे. दोन पायऱ्या चढते, थांबते. एक चढते. मग तीन, मग कठड्याला धरून पुन्हा एक. पुढच्या वेळी कशी चढेल ते तिलाही सांगता येणार नाही. त्या आवाजाने माझी झोप रोज मोडते आणि मी रोज उशीखाली डोकं घालून चिडते. त्या दिवशीही चिडले. मग उठून बसले आणि पेन्सिल शोधली.

आई परत उतरेपर्यंत मी तिची चढण कागदावर उतरवली होती. जवळ, लांब, लांब, जवळ, अगदी जवळ. पट्ट्यांच्या बहात्तर फटी त्याप्रमाणे पाडल्या आणि चारही चाकांची सुरुवात वेगवेगळ्या पायरीपासून केली. साचा करणाऱ्याने मला दोनदा विचारलं, "मॅडम, हे चुकून छापलं गेलंय का?" मी म्हटलं, नाही, माझ्या आईचा गुडघा आहे. तो कागद घेऊन कामाला लागला.

नवी चाकं गाडीला लावली त्या दिवशी मी खिडकीतून पाहत होते. मामाने नेहमीसारखे आरशात केस विंचरले. मी कोणाला गाडीतून उतरवते आहे ते मला माहीत होतं, आणि त्यालाही. मला ती चाकं काढून घ्यावीशी वाटली. मी काढली नाहीत.

फेऱ्या संपवून त्याने फॉर्म आणून दिला आणि हात धुवायला गेला. पकड चांगली. ब्रेक चांगले. हादरे किंचित, चालतील. आवाजापुढे लिहिलं होतं, 'नुसता आवाज'. आणि 'इतर शेरा' या ओळीवर, नेहमीच्या दाबलेल्या अक्षरांत: 'जाग राहते. शेजारी कोणी नाही.'

समितीकडे जाणाऱ्या कागदावर असलं काही चालत नाही. मी खोडरबर हातात घेतलं, आणि खाली ठेवलं. फॉर्म जसाच्या तसा पुढे पाठवला. त्यावरच टायर मंजूर झाला. त्या ओळीबद्दल सरांनी मला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी रस्त्यावर गेले. मामा गाडीत बसला होता. केस विंचरले नव्हते. मी पुढचं दार उघडलं. उशी तिथेच होती.

"नियम?" मामाने विचारलं.

"नियम मी बघते. आणि मला संत्री सोलता येत नाहीत, आधीच सांगते."

मी उशी उचलून मागे टाकायला गेले, तर त्याने माझा हात धरला. "राहू दे तिला. तिच्यावरच बस."

मी बसले. गाडी निघाली. तिसाला खडी ऐकू आली, चाळीसला बंद झाली, पन्नासला खालून घरघर सुरू झाली. जवळ, लांब, लांब, जवळ. डोळा लागावा असं तिच्यात काही नव्हतं. काटा पंचावन्नवर आला तेव्हा मामाने सवयीने शेजारी पाहिलं. मग पुन्हा रस्त्याकडे पाहिलं आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिला. दुसरं वळण जवळ येत होतं, गवतातले आमचे माग अजून दिसत होते.

"मामा, गिअर," मी म्हटलं.

"चालवतंय कोण?" तो म्हणाला, आणि गिअर बदलला.